सर्व्हर ‘डाऊन’ होत नाही, तो कमी मापाचा घेतलेला असतो

आपल्या तालुक्यात गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेले इंग्रजी शब्द कोणते असतील, तर ‘सर्व्हर डाऊन’. रेशन दुकानात, सेतूमध्ये, दुय्यम निबंधकाच्या दारात, कॉलेजच्या खिडकीवर, सगळीकडे. पाऊस पडला नाही तसा सर्व्हर चालला नाही, असं सांगतात. कुणाचा दोष नाही, कुणाची जबाबदारी नाही. आपणही ‘बरं, उद्या येतो’ म्हणून रिक्षाचे पैसे घालवून घरी जातो.

आज मला एवढंच मांडायचंय की ही पावसासारखी गोष्ट नाही. किती माणसं एकाच वेळी येणार, प्रत्येकाचं काम किती सेकंद घेणार आणि त्यासाठी किती यंत्रं लागणार, हे आधी मोजता येतं. ते मोजायचं काम कुणाचं तरी असतं. त्या कामाचे पैसे टेंडरमधून दिले जातात. म्हणजे आपण देतो.

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

आधी थोडी उजळणी. १६ जुलै २०२१, दहावीचा निकाल. कोरोनामुळे परीक्षा झालीच नव्हती, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल होता. मुलं सुमारे १६ लाख. दुपारी एकची वेळ मंडळानेच जाहीर केलेली. संकेतस्थळं बसली ती कित्येक तास. शेवटी शिक्षणमंत्र्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. जुलै २०२३, एक रुपयात पीक विमा. शेवटची तारीख ३१ जुलै, केंद्रांवर रांगा, सर्व्हर ठप्प, मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवली. २१ मे २०२५, अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच अख्ख्या राज्यात ऑनलाइन. पोर्टल पहिल्याच दिवशी कोसळलं आणि नोंदणी २६ मेपर्यंत पुढे ढकलली. सप्टेंबर २०२५, लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी. ओटीपी येईना. आपल्याच गावातल्या बायका रात्री बारा-एक वाजता उठून मोबाइल घेऊन बसायच्या, का तर ‘रात्री साइट मोकळी असते’.

या चारही वेळी किती लोक येणार हे सरकारला आधीपासून माहीत होतं की नाही? दहावीचे बैठक क्रमांक मंडळाने दिलेले. लाडक्या बहिणींची यादी सरकारकडेच, दर महिन्याला त्यांच्या खात्यावर पैसे जातात. शेतकऱ्यांचे सातबारे सरकारकडे. कुणीही अचानक आलं नव्हतं. घरच्या लग्नात पत्रिका आपणच वाटायच्या आणि जेवणाच्या वेळी ‘अहो, एवढे लोक कुठून आले?’ म्हणून आचाऱ्याकडे बघायचं, असला हा प्रकार.

लग्नाचा विषय निघालाच आहे तर तोच धरून पुढे जातो. माझा डिप्लोमा पत्रकारितेचा, संगणकाचा नाही. पण आपल्याच गावचा एक मित्र पुण्यात मोठमोठ्या कंपन्यांचे डेटाबेस सांभाळतो. दिवाळीत आला तेव्हा दोन रात्री त्याला छळलं. त्याच्याकडून जे कळलं ते माझ्या भाषेत सांगतो.

पत्रिका वाटल्या २,०००. म्हणून कुणी २,००० पानांची एकच पंगत बसवतं का? पंगत बसते २०० ची. वाढपी दहा. बाकीचे मांडवात खुर्च्यांवर गप्पा मारत थांबतात, उठली पंगत की पुढची बसते. म्हणजे आकडे तीन झाले. बोलावलेले, मांडवात हजर असलेले आणि प्रत्यक्ष पानावर बसलेले. संगणकातही हेच तीन आहेत. नोंदणी झालेले लोक, त्या क्षणाला साइटवर असलेले लोक आणि त्या क्षणाला डेटाबेसशी प्रत्यक्ष जोडलेली कनेक्शन्स. आपले अधिकारी पत्रकार परिषदेत पहिला आकडा सांगतात, ‘दोन कोटींची योजना आहे हो, ताण येणारच!’ सर्व्हरचं माप ठरतं ते तिसऱ्यावर.

आता एखादा हुशार कंत्राटदार काय करतो? पंगत २०० ची आहे ना, ६०० ची करा. सतरंज्या वाढवायला काय लागतं? डेटाबेसमध्ये ते अक्षरशः एका ओळीचं काम आहे. पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस जगभर वापरतात, फुकट मिळतो. त्यात एका वेळी किती कनेक्शन घ्यायची ही मर्यादा मुळात १०० असते. मायएसक्यूएलमध्ये १५१. तिथे ५,००० लिहिलं की झालं, कागदावर क्षमता पन्नास पट. पण वाढपी दहाच. सहाशे पानं मांडली, भात पहिल्या टोकाला पोचेपर्यंत दुसऱ्या टोकाला वरण नाही, आणि वाढपी नुसतेच इकडून तिकडे पळतायत. कुणाचंच जेवण होत नाही.

यंत्रात वाढपी म्हणजे प्रोसेसरचे कोअर. ३२ कोअरचं यंत्र असेल तर खऱ्या अर्थाने एका क्षणी ३२ कामं चालतात, बाकीची वाट बघतात. वर पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनसाठी वेगळी प्रोसेस उभी राहते आणि ती मेमरी खाते. एकाला १० एमबी धरा, ५,००० ना ५० जीबी नुसत्या बसण्यातच गेली, जेवण अजून वाढायचंय. त्यामुळे या धंद्यातला जुना ठोकताळा असा की कोअरच्या साधारण दुप्पट कनेक्शन एका वेळी कामाला ठेवायची, त्यात डिस्कच्या संख्येची थोडी भर, आणि बाकीच्यांना दाराशी रांगेत उभं करायचं. आतल्या या मोजक्या कनेक्शनच्या साठ्याला पूल म्हणतात. हजारो लोक बाहेर आणि आत साठ-सत्तर कनेक्शन, तरी काम झपाझप उरकतं, कारण प्रत्येकाचं काम सेकंदाच्या काही भागात संपतं आणि जागा मोकळी होते.

मुद्दा इथे आहे. जागा किती लागतील हे माणसांच्या संख्येवर जेवढं ठरतं तेवढंच एक माणूस किती वेळ जागा अडवतो यावरही ठरतं. सूत्र सोपं आहे. सेकंदाला किती आले, गुणिले प्रत्येकाला किती सेकंद लागले. बस्स. एसटी स्टँडवरचा कंट्रोलरही हे तोंडी करेल.

लाडकी बहीणचंच गणित करून बघू. दोन कोटी बहिणी धरा. मुदत सुरुवातीला दोन महिन्यांची होती, म्हणजे ६० दिवस. दिवसाला सुमारे ३ लाख ३३ हजार. दिवसाचे कामाचे दहा तास धरले तर सेकंदाला नऊ. हो, नऊच. ज्या योजनेच्या आकड्याने मंत्रालय हादरतं, तिथे सरासरी सेकंदाला नऊ बायका दारात येतात. सगळ्या सारख्या येत नाहीत, मान्य. पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी झुंबड उडते, म्हणून दहापट धरू. सेकंदाला नव्वद.

एका अर्जासाठी डेटाबेसचं एकूण काम अर्ध्या सेकंदाचं धरलं, आणि हे सढळ हाताने धरलंय, तर नव्वद गुणिले अर्धा म्हणजे ४५ कनेक्शन. पंचेचाळीस! दोन कोटींच्या योजनेला, दहापट गर्दीच्या दिवशीसुद्धा.

आता यात ओटीपी आणा. बाई आधार क्रमांक टाकते, ओटीपी येईपर्यंत वाट बघते. नेटवर्क कमी, मोबाइल नवऱ्याकडे, तो शेतात. एक मिनिट सहज जातं. नीट बांधलेल्या प्रणालीत ती वाट बघत असताना तिची जागा सोडली जाते. ओटीपी टाकला की पुन्हा क्षणभर जागा मिळते. पण घाईघाईत बांधलेल्या प्रणालीत ती मिनिटभर कनेक्शन धरूनच बसते. मग हिशेब होतो नव्वद गुणिले साठ. ५,४०० कनेक्शन. पंगतीत पानावर बसायचं आणि म्हणायचं, ‘भाऊ लिंबू आणायला गेलाय, तो आला की जेवतो.’ ४५ आणि ५,४००, बाया त्याच, गर्दी तीच, यंत्रही तेच. फरक आहे तो बांधणाऱ्याच्या अकलेचा आणि तपासणाऱ्याच्या दुर्लक्षाचा. म्हणून कुणी ‘आम्ही आणखी मोठा सर्व्हर घेतोय’ असं सांगितलं की मला लगेच आनंद होत नाही. मोठ्या सर्व्हरचं बिल मोठं असतं एवढं नक्की.

दहावीच्या निकालाचं तर हसावं की रडावं कळत नाही. निकाल ही एकदा लागला की न बदलणारी गोष्ट. १६ लाख गुणपत्रिका आधीच तयार करून ठेवा आणि ठिकठिकाणच्या साध्या सर्व्हरवर नुसत्या मांडून ठेवा. बैठक क्रमांक टाकला की तयार पान समोर. डेटाबेसला त्या दिवशी सुट्टी दिली तरी चालते. वर्तमानपत्राची छपाई रात्री होते, सकाळी नुसतं वाटप. प्रत्येक वाचक दारात आल्यावर त्याच्यासाठी वेगळा अंक छापायला घेतला तर काय होईल? आमच्या प्रेसमधला पोरगाही सांगेल.

यावर उत्तर ठरलेलं असतं. ‘आमची यंत्रणा क्लस्टरवर आहे. एक नाही, तीन-तीन सर्व्हर आहेत.’

छान. पण तीन सर्व्हर म्हणजे तिप्पट काम, हा मोठा गैरसमज आहे. वाचायचं काम वाटून घेता येतं. एखाद्याला फक्त आपला अर्ज कुठवर आला ते बघायचंय, त्याला दुसऱ्या यंत्राकडे पाठवा. लिहायचं काम मात्र वाटता येत नाही. नवा अर्ज आला की तो तिन्ही यंत्रांवर उतरावा लागतो, नाहीतर एकीकडे ‘अर्ज मंजूर’ आणि दुसरीकडे ‘अर्ज सापडत नाही’. तीन तलाठ्यांनी एकच फेरफार आपापल्या वहीत उतरवला म्हणून फेरफार तिप्पट होत नाहीत. शेवटच्या तारखेची गर्दी असते ती सगळी लिहिणाऱ्यांची.

शिवाय क्लस्टर घ्यायचा मूळ हेतू वेगळाच आहे. एक यंत्र पडलं तरी बाकीच्यांनी गाडा ओढावा, यासाठी तो असतो. मग माप तसंच घ्यायला हवं. तीन यंत्रं ६० टक्के भरून चालतायत, एक पडलं, तर उरलेल्या दोघांवर ९० टक्के. जेमतेम तगतील. ७० टक्के भरून चालवली असतील तर एक पडल्यावर दोघांवर १०५ टक्के. म्हणजे पहिलं पडलं की दुसरं पडणार, दुसरं पडलं की तिसरं. आणि यंत्र पडतं तेव्हा त्याच्यावरचे सगळे लोक एकदम उरलेल्यांवर धडकतात. दोनच यंत्रं असतील तर प्रत्येक निम्मंच भरायला हवं. निम्मं रिकामं ठेवायचं म्हणजे ऑडिटवाला विचारणार, ‘ही क्षमता पडून का आहे?’ गावात अग्निशमनाचा बंब रोज उभा असतो म्हणून कुणी तो विकायला काढत नाही.

‘क्लाउडवर आहे, गर्दी वाढली की आपोआप वाढतं’ हे आणखी एक. वाढतं ते पुढचं दालन. समजा पुढे २० यंत्रं आहेत आणि प्रत्येकाला डेटाबेसकडे १०० कनेक्शनची मुभा आहे. झाली २,०००. गर्दी वाढली, आपोआप ६० यंत्रं झाली. आता ६,००० कनेक्शन मागच्या त्याच एका डेटाबेसवर. मांडव तिप्पट केला, स्वयंपाकघर तेवढंच.

आणि आता आपल्यावर ढकलला जाणारा दोष. ‘लोक शेवटच्या दिवशी येतात, वारंवार रिफ्रेश करतात, म्हणून बंद पडतं.’ रिफ्रेशने ताण वाढतो हे खरंच आहे. वैतागलेला पाहुणा अर्ध्या ताटावरून उठून पुन्हा रांगेत लागतो, पण वाढप्याला कुणी सांगितलेलं नसतं. तो उठलेल्याच्या पानात वाढतच राहतो. म्हणजे एका माणसाची दोन पानं, तीन पानं. मात्र दोष लोकांचा कसा? यूपीआय बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये महिन्याभरात २,००० कोटींच्या वर व्यवहार झाले, म्हणजे सरासरी सेकंदाला सुमारे साडेसात हजार. तेही बंद पडलं होतं, मार्च-एप्रिल २०२५ मध्ये. तेव्हा आढळलं की बँकांच्या यंत्रणाच एकाच व्यवहाराचं काय झालं हे पुन्हा पुन्हा विचारून ताण वाढवत होत्या. तीही रिफ्रेशच, फक्त बँकांनी केलेली. मग अशा चौकशांवर मर्यादा घातल्या. १ ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपवरून दिवसाला ५० वेळाच शिल्लक बघता येते. कारण शोधलं, नियम केला, तो लोकांना सांगितला. ‘ग्राहकांनी धीर धरावा’ एवढ्यावर विषय संपवला नाही.

शेवटच्या दिवशी लोक का येतात हेही विचारा. ज्याला जूनमध्ये साइट उघडत नाही म्हणून चार वेळा परत पाठवलं, तो शेवटच्या दिवशीच येणार. गर्दी पसरवणं सरकारच्या हातात आहे. अख्ख्या महाराष्ट्राला एकाच दिवशी सकाळी दारात बोलावलंच कशाला? विभागवार दिवस द्या, आधारच्या शेवटच्या आकड्यावर वार द्या. विजेचं भारनियमन आपल्याला बरोबर वेळापत्रकाने करता येत होतं की!

बाहेरच्या देशातही फजिती होते. अमेरिकेची आरोग्य विम्याची सरकारी साइट १ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झाली आणि पहिल्या दिवशी पूर्ण नोंदणी झाली सहा जणांची. अंदाज एका वेळी ५० ते ६० हजार लोकांचा होता, आले अडीच लाख. पण पुढे काय झालं ते महत्त्वाचं. तिथल्या संसदेत अधिकाऱ्यांना बसवून विचारलं, आकडे बाहेर आले, आणि दोन महिन्यांनी सरकारने सांगितलं की आता एका वेळी ५० हजार लोक चालतील. लोकांना तपासता येईल असा एक आकडा दिला. इतकं लांबही जायला नको. आपल्या रेल्वेने २०१४ च्या अर्थसंकल्पात तिकिटांच्या साइटबद्दल सांगितलं होतं, मिनिटाला ७,२०० तिकिटं आणि एका वेळी १ लाख २० हजार लोक. तत्काळच्या वेळी आपण रेल्वेला शिव्या देतो ते वेगळं, पण निदान आकडा आहे, त्यावर जाब विचारता येतो. आपल्या राज्याच्या किती पोर्टलचा असा आकडा तुम्ही कधी ऐकलाय?

माझी मागणी म्हणून साधी आहे. कोणतंही पोर्टल लोकांसाठी खुलं करण्याआधी त्यावर खोटी गर्दी सोडून बघतात, त्याला लोड टेस्ट म्हणतात. एका वेळी किती लोक सोडले, किती सेकंदांत उत्तर आलं आणि मध्येच एक यंत्र मुद्दाम बंद पाडलं तेव्हा काय झालं, या तीन गोष्टींचा अहवाल पोर्टलच्या पहिल्या पानावर टाका. टेंडरमध्ये हे आकडे लिहा आणि ते पाळले नाहीत तर कंत्राटदाराचे पैसे कापा. आणि पोर्टल जितके तास बंद, तितकी मुदत आपोआप वाढली पाहिजे. त्यासाठी आमदाराने पत्र लिहायची आणि आम्ही बातमी लावायची वेळ का यावी?

पुलावरून किती टनांची गाडी जाईल याचा फलक पुलाच्या तोंडाशी असतो. एखादा पूल पडला तर निदान अभियंत्याचं नाव निघतं, निलंबन होतं. पोर्टल पडलं तर ‘तांत्रिक कारणास्तव’ एवढे दोन शब्द. ज्या बाईचा हप्ता चुकला, ज्या पोराचा प्रवेशाचा दिवस गेला, त्याच्या घरात ते तांत्रिक नसतं.

मी एका विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज टाकला आहे. तुम्हीही टाका. दहा रुपये लागतात आणि आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, म्हणून प्रश्न मोजके ठेवा. अमुक पोर्टलच्या निविदेत एका वेळी किती वापरकर्ते गृहीत धरले होते? लोड टेस्ट कोणत्या तारखेला झाली, तिच्या अहवालाची प्रत द्या. गेल्या वर्षभरात पोर्टल किती तास बंद होतं आणि त्याबद्दल कंत्राटदाराला किती दंड केला? ‘व्यापारी गोपनीयता’ म्हणून नाकारलं तर पहिलं अपील करा. आपल्या पैशाने बांधलेल्या दाराची रुंदी गुपित असू शकत नाही. अर्जाचा नमुना हवा असेल त्यांनी इनबॉक्समध्ये सांगा, पाठवतो. ३० दिवसांत उत्तर द्यायचं बंधन आहे. माझं आलं की जसंच्या तसं इथे टाकेन.